रायवळ आंबा तोडण्याआधी

पेटीत जागा नाही आणि बाजारात भाव नाही, असा एक तरी आंबा कोकणातल्या बहुतेक घरांच्या मागे, पाणंदीला किंवा देवळाच्या आवारात उभा असतो. फळ मुठीत मावेल एवढं, बाठ मोठी, गरात धागे, सालीवर डाग. कापून बशीत मांडण्यातला हा आंबा नव्हे. देठाकडचा चीक पिळून टाकायचा आणि चोखायचा. पण घरातली माणसं त्याला नावाने ओळखतात. खोबऱ्या, शेप्या, शेंदऱ्या, साखऱ्या, गोट्या. कुणाच्या घरचं लोणचं त्याच झाडाच्या कैरीचं असतं, कुणाचं साठं त्याच रसाचं. गोव्यात आणि सिंधुदुर्गात सासव करायचं तर असा आंबट-गोड, बाठीसकट शिजणारा लहान आंबाच हवा. कोकणात याला रायवळ म्हणतात, देशावर गावरान.

ही झाडं झपाट्याने कमी होत चालली आहेत. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेचे कितीतरी जुने आंबे गेले. वाटणीत हद्दीवर आलेलं झाड जातं, नव्या घराच्या आड येणारं जातं, फळ्यांसाठी आणि सरपणासाठी उभ्या झाडाचा सौदा होतो. प्रत्येक झाड वाचवा असं मी सांगणार नाही; ज्याच्या दारात झाड आहे त्याच्या अडचणी त्यालाच ठाऊक. पण झाड जाण्याआधी त्याची काडी घेता येते. ते काम एका पावसाळ्यात, घरच्या घरी, फारसा खर्च न करता होतं. ते कसं करायचं ते इथे सविस्तर सांगतो.

बाठ जपून का भागत नाही

“बाठा ठेवल्यात, लावू पावसात,” असं बरेच जण म्हणतात आणि निर्धास्त होतात. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अशी की आंब्याची बाठ साठवता येत नाही. भात-नाचणीचं बी सुकवून वर्षभर कणगीत राहतं. आंब्याची बाठ सुकली की आतली कोय मरते. काही आठवड्यांतच तिची उगवण जाते. थंड पेटीत गोठवून ठेवायचीही सोय नाही. म्हणूनच संशोधन केंद्रांनाही आंब्याच्या जाती जपायच्या तर जमिनीत जिवंत झाडंच उभी ठेवावी लागतात. लखनऊजवळ रहमानखेड्याच्या केंद्रीय संस्थेत शेकडो जातींचा असा संग्रह आहे, आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातही आंब्याच्या जाती राखल्या आहेत. पण तुमच्या परसातल्या शेप्याचं झाड तिथे असण्याची शक्यता फार कमी.

दुसरी अडचण जास्त मोठी. बाठ उगवली तरी तोच आंबा मिळत नाही. मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकडो फुलं असतात, त्यांतली बरीच नुसती नर. उरलेल्यांपैकी थोड्याच फुलांना फळ धरतं आणि त्यासाठीचे परागकण माश्या-कीटकांनी बहुधा दुसऱ्याच झाडावरून आणलेले असतात. आई माहीत, बाप कुठल्या वाडीतला ते ठाऊक नाही. एका झाडाखालच्या दहा बाठा पेरल्या तर दहा वेगवेगळी झाडं उभी राहतात: एक गोड, दोन आंबट, एखादं नुसतंच वाढणारं. याचा अर्थ तुमचं रायवळ झाड ही एका झाडाचीच जात आहे. ते पडलं की ती जात संपली.

हापूसचं नेमकं उलट. पोर्तुगीज काळात गोव्यात कलमं बांधायची पद्धत रुजली, तेव्हापासून हापूस कलमानेच वाढत आला. देवगडपासून पालघरपर्यंतची हापूसची झाडं म्हणजे जवळजवळ एकाच झाडाच्या प्रती. म्हणून सगळीकडे चव तीच मिळते, आणि म्हणून दुखणीही सगळीकडे तीच. साका हा हापूसचा जुना दोष: फळ वरून सुरेख, आत पांढरट, भुसभुशीत. त्यावर तोड निघाली ती दुसऱ्या जातीशी संकर करूनच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ दिला, साका नसलेला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये अगदी पातळ बाठीचा ‘सिंधू’ आला. नीलमची झाडं कुणी राखली नसती तर रत्ना कशातून काढला असता?

एकाच प्रतीवर सगळी भिस्त ठेवली की काय होतं ते केळीत दिसलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल हीच केळी होती. जमिनीतल्या बुरशीने येणाऱ्या मर रोगाने तिचे मळे बसले आणि व्यापार कॅव्हेंडिश गटाकडे वळला. जळगावची ग्रँड नैन त्याच गटातली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत पोहोचला आहे. आंब्यावर अशी वेळ आलेली नाही. पण अवेळी पाऊस, लांबलेली थंडी, मोहोरावरचा तुडतुडा यांनी हापूसचा बागायतदार दरवर्षी हैराण होतो, आणि त्याच वाडीत एखादा रायवळ पावसात भिजूनही फळांनी लगडलेला असतो. तो गुण कुठून आला हे शोधायला ते झाड तरी शिल्लक हवं.

एक अपवाद लक्षात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही आंब्यांत एका बाठीतून दोन-तीन किंवा जास्त कोंब येतात. त्यांतले बरेचसे हुबेहूब आईसारखे निघतात. केरळातले ओलूर, चंद्रकरण हे असेच. तुमच्या झाडाची बाठ पेरल्यावर असे अनेक कोंब आले, तर एकसारखे जोमदार वाढणारे कोंब वेगळे करून लावा. कलम न बांधताही झाड राखल्यासारखं होईल. पण आपल्या बहुतेक आंब्यांच्या बाठीतून एकच कोंब येतो आणि तिथे कलमाला पर्याय नाही.

आधी झाड नीट पाहा

तोडायची घाई नसेल तर एक हंगाम झाडावर लक्ष ठेवा. एक वही करा. मोहोर कधी आला, पहिली फळं कधी पडली, शेवटचं कधी. दर वर्षी धरतो की वर्षाआड. दहा फळं तोलून सरासरी वजन, बाठ वेगळी तोलून तिचं वजन. पाडाचं फळ कसं लागतं आणि अढीत घातलेलं कसं, किती दिवस टिकतं, पावसाचं पाणी लागल्यावर आत अळी होते का. कैरीचा आंबटपणा, चिकाचा वास, कैरी लोणच्यात वर्षभर करकरीत राहते का, हे लिहायला विसरू नका. लोणच्याचा गुण हाही गुणच. कर्नाटकात शिरसी-सागर भागात अप्पेमिडी नावाचे आंबे आहेत. ते पिकवून खात नाहीत, कोवळ्या कैऱ्या मिठात मुरवतात. तिथल्या शेतकऱ्यांनी ओढ्याकाठच्या झाडांतून वास आणि टिकाऊपणा पाहून एकेक झाड निवडलं, त्याची कलमं बांधली आणि आज त्या कलमांना मागणी आहे.

ही माहिती घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडे सर्वांत जास्त असते. कुठल्या झाडाच्या कैरीला मीठ जास्त लागतं, कुठल्या रसाचं साठं चिवट होतं आणि कुठल्याचं मऊ, हे त्यांनी हाताने केलेलं असतं. त्यांना विचारून लिहून घ्या. फळाचे फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा: एक अख्खं फळ, एक चिरलेलं, एक नुसती बाठ.

काडी घेणं

कलमाचं यश निम्मं काडीवर असतं. काडी म्हणजे फांदीच्या टोकाची, तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड आणि साधारण वीतभर लांब फूट. तिला त्या हंगामात मोहोर आलेला नसावा. रंग गडद हिरवा, टोकाचा डोळा टपोरा पण अजून न उमललेला. अशी काडी निवडली की आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं कापायची, देठ मात्र ठेवायचे. हे देठ आपसूक गळतात, डोळा फुगतो, आणि मग काडी कापायची. पानं ओरबाडू नका, डोळ्यांना इजा होते.

जुन्या झाडाची एक अडचण असते. पन्नास-साठ वर्षांच्या रायवळाला अशा जोमदार फुटी फार कमी येतात, आणि येतात त्या शेंड्याला, हात न पोचणाऱ्या जागी. त्यासाठी पावसाळा संपल्यावर दोन-तीन मध्यम फांद्या छाटा. तिथून नवी पालवी येते आणि पुढच्या जूनपर्यंत कामाच्या काड्या तयार होतात. झाडावर बांडगूळ असेल तर त्याच वेळी फांदीसकट काढा. बांडगुळाने खाल्लेल्या फांदीवर चांगली फूट येत नाही. खोडाला भिरूड लागला असेल तर काड्या घ्यायला उशीर करू नका, असं झाड एखाद्या वादळात अचानक मोडतं.

आणि झाड आजच पडलं असेल तर? करवत चालू असतानाच शेंड्याच्या चांगल्या फुटी कापून घ्या. पानं लगेच कापा, देठ ठेवा. ओल्या फडक्यात किंवा केळीच्या सोपटात गुंडाळून वर प्लास्टिक बांधा, सावलीत ठेवा. तीन-चार दिवस त्या जिवंत राहतात. तेवढ्या वेळात जवळच्या रोपवाटिकेत किंवा कलमं बांधणाऱ्या माणसाकडे पोचवा. कोकणात जवळपास प्रत्येक गावात असा एखादा हात असतो. काड्या तुमच्या, रोपं त्याची, मजुरी ठरवून घ्यायची.

कोय कलम बांधताना

स्वतः बांधायचं तर कोय कलम सर्वांत सोपं. जूनच्या सुरुवातीला कुठल्याही जोमदार रायवळाच्या पूर्ण पिकलेल्या फळांच्या बाठा धुऊन पाण्यात टाका. तरंगतील त्या फेकून द्या, बुडतील त्या लगेच वाळू आणि कुजलेल्या खताच्या वाफ्यात पेरा. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. कोंब वर येताच झाडावरच्या काड्यांची पानं कापली, तर दोन्ही एकाच सुमाराला तयार होतात. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे: हापूसची कलमंसुद्धा अशाच रायवळाच्या खुंटावर बांधतात. देवगडच्या बागेतल्या प्रत्येक हापूसच्या मुळाशी एक बिननावाचा रायवळ आहे. रायवळ संपले तर रोपवाटिकांना बाठा कुठून मिळणार, हा प्रश्न बागायतदारांनी आज ना उद्या स्वतःला विचारायला हवा.

रोप आठ ते पंधरा दिवसांचं असताना, पानं तांबूस आणि लवलवीत असतात तेव्हा, ते बाठीसकट अलगद उपटा. बाठ रोपाला चिकटलेलीच राहू द्या, रोपाचं अन्न तिच्यात आहे. बाठीच्या वर साधारण चार बोटं अंतर ठेवून शेंडा आडवा छाटा. आता धारदार, स्वच्छ चाकूने रोपाच्या खोडाच्या मधोमध तीन-चार सेंटिमीटर उभी चीर द्या. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढाच लांब, उतरता काप घेऊन पाचर करा. काप एका ओढीत यायला हवा. चाकू पुन्हा पुन्हा फिरवला की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मध्ये हवा राहते. चीक आला तर स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. पाचर चिरेत बसवताना काडी आणि रोप यांची जाडी सारखी असेल तर उत्तम. नसेल तर निदान एका बाजूला साल सालीला भिडवा. जोड होतो तो सालीच्या लगेच आतल्या हिरव्या थरातून, मधल्या लाकडातून नव्हे.

मग बोटभर रुंदीची पातळ प्लास्टिकची पट्टी खालून वर, एकावर एक वेढे देत घट्ट बांधा. पाणी आत जाता कामा नये. कलम माती, वाळू आणि शेणखताच्या पिशवीत लावा, बाठ मातीच्या पातळीला झाकली जाईल इतपत. काडीवर लांबट प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी उलटी घालून सैल बांधली तर ओल टिकते. घाटावर, जिथे हवा कोरडी, तिथे ही टोपी हवीच. पिशव्या सावलीत ठेवा. भर पावसाचं पाणी पिशवीत साचू देऊ नका.

दोन-तीन आठवड्यांत डोळा हिरवा होऊन फुटू लागला की कलम साधलं. काडी काळी पडली तर गेलं. नवख्या हाताची निम्मी कलमं फुकट जातील असं धरून चाला आणि त्या हिशेबाने वीस-पंचवीस तरी बांधा. जोडाच्या खालून, म्हणजे रोपाच्या अंगाला आलेली फूट दिसेल तेव्हा खुडा. हे काम पुढची दोन-तीन वर्षं करावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं. पट्टी साधारण तीन महिन्यांनी ब्लेडने उभी कापून काढा, नाहीतर ती वाढत्या खोडात रुतते.

जागा नसेल तर

पाच गुंठ्यांत घर असलेल्यांनी रायवळ कुठे लावायचा? रायवळ मोठा पसरतो, खरं आहे. पण कलमाने वाढवलेला, दरवर्षी फळं काढून झाल्यावर हलका छाटलेला रायवळ आटोक्यात राहतो. दुसरा उपाय आहे असलेल्याच आंब्यावर फांदी बदलायचा. तरुण हापूस किंवा केसरची एक फांदी उन्हाळ्यात छाटा, तिला आलेली नवी फूट पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड झाली की तिच्यावर तुमच्या रायवळाची काडी त्याच पाचर पद्धतीने बांधा. एका झाडावर दोन-तीन घरचे आंबे सुखाने राहतात. मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर ३०० च्या आसपास जाती बांधल्या आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला दोन फांद्या पुरेत.

हापूसच्या बागायतदारांसाठी हे आणखी एका कारणाने फायद्याचं आहे. बऱ्याच कलमी आंब्यांत स्वतःच्याच परागकणांनी फळ नीट धरत नाही. बागेत वेगळ्या जातींची झाडं मिसळलेली असली की फळधारणा सुधारते. बागेच्या कडेला उभा असलेला रायवळ तोडण्याआधी हे ध्यानात घ्या.

नोंद आणि कागदपत्रं

हा भाग थोडक्यात, पण टाळू नये असा. महाराष्ट्रात आंब्याचं झाड खासगी जमिनीत असलं तरी तोडायला परवानगी लागते; १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे. त्या परवानगीला लागणारा वेळ काड्या घेण्यासाठी वापरा.

जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. अनेक ठिकाणी ती नुसतीच कपाटात पडून असते. तुमच्या वहीतली माहिती, फोटो आणि झाडाची जागा तिच्यात लिहून घ्यायचा आग्रह धरा. ग्रामसभेत बोललात तर आणखी झाडांची माहिती बाहेर येते, हा माझा अनुभव आहे.

झाड खरोखर वेगळं आणि गुणी असेल, तर २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली ते ‘शेतकऱ्याचं वाण’ म्हणून नोंदवता येतं. शेतकऱ्याला त्यासाठी नोंदणी फी नाही. अर्जात वाणाचे गुणधर्म नेमके लिहावे लागतात, म्हणून हंगामभराची वही इथे कामाला येते. कृषी विज्ञान केंद्रातून मदत घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गासह पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्याच्या मानकुरादला २०२३ मध्ये. ती मानांकनं त्या त्या प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांची. एका कुटुंबाने राखलेल्या एका झाडासाठी वाणाची नोंदणी हाच रस्ता आहे.

कलमं आणि बाठा, दोन्ही

कलमाने जे आहे ते टिकतं. नवं काही त्यातून जन्माला येत नाही. लखनऊजवळच्या दशहरी गावातलं मूळ झाड, बनारसचा लंगडा, आपला हापूस, सगळे कधीतरी पडलेल्या बाठीतून आपोआप उगवलेले आहेत. म्हणून कलमं बांधून झाली की उरलेल्या बाठा उकिरड्यावर टाकू नका. पहिल्या पावसात बांधाला, डोंगरउताराला, शाळेच्या कुंपणाला पेरा. त्यांना फळ यायला आठ-दहा वर्षं लागतील, बरीच झाडं सामान्य निघतील, आणि एखादं असं निघेल की ज्याला पुन्हा नाव पडेल.

कलमं मात्र एकाच अंगणात लावू नका. निदान तीन वेगळ्या जागी द्या: एक लेकीच्या सासरी, एक भावाच्या नव्या जागेत, एक देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात, जिथे कुणीतरी पहिले दोन उन्हाळे पाणी घालेल. प्रत्येक कलमाला पत्र्याची पट्टी बांधा आणि तिच्यावर खिळ्याने झाडाचं नाव, गाव आणि साल कोरा. शाई दोन पावसाळेही टिकत नाही. पहिल्या तीन वर्षांचा मोहोर खुडून टाका म्हणजे झाड वाढेल. चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरू द्या आणि ते जुन्या वहीशी ताडून पाहा. आकार, वास, चिकाचा रंग जुळले तर काम झालं. अगदीच वेगळं फळ दिसलं तर जोडाखाली पाहा: बहुधा वरची काडी कधीच मेलेली असते आणि खुंटाची फूट वाढून झाड झालेलं असतं. तसं असेल तर दुसऱ्या अंगणातल्या कलमाची काडी आणा आणि त्याच झाडावर पुन्हा बांधा.